शाळेतील तराजू आणि घरी आलेले पत्र

आपल्याकडे लहान मुलाचे कौतुक करावयाचे झाले की ओठांवर पहिला शब्द येतो तो ‘बाळसेदार’. सुट्टीहून परतलेला नातू गालांनी भरलेला दिसला की आजीला कृतार्थ वाटते. तो सडपातळच राहिला, तर सुनेच्या स्वयंपाकाविषयी चार शब्द ऐकू येतात. ज्या देशाने दुष्काळ पाहिले, साथी पाहिल्या, तेथे अंगावरचे मांस ही पुंजी वाटावी यात नवल नाही. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. केरळात तर स्त्रियांचे हे प्रमाण ३८ टक्क्यांवर गेले होते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या वजनाच्या पाठोपाठ येतात, हे आता कोणत्याही डॉक्टराच्या दवाखान्यात ऐकावयास मिळते. मग हा केवळ ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न मानावयाचा, की राज्यकर्त्यांनीही त्यात हात घालावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना अमेरिकेतील एका राज्याची हकीकत फार उपयोगी पडते.

आर्कन्सॉ हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील, तीसएक लाख वस्तीचे, तुलनेने गरीब राज्य. (त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी ‘स’ असला तरी तो उच्चारावयाचा नाही, असा ठराव तेथील विधिमंडळाने १८८१ साली केला होता!) एखाद्या राज्याने सर्व सरकारी शाळांतील मुलांची उंची व वजन मोजून, त्यांवरून काढलेला निर्देशांक प्रत्येक पालकास कळवावा, असा अमेरिकेतील पहिला कायदा येथे २००३ साली झाला. त्याचा क्रमांक १२२०. निर्देशांक काढण्याची रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे; मुलांच्या बाबतीत आलेला आकडा त्याच वयाच्या मुलामुलींशी ताडून पाहावयाचा.

कायद्यावर सही करणारे राज्यपाल माइक हकबी स्वतः अतिशय स्थूल होते. त्याच वर्षी त्यांना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. त्यांनी सुमारे ५० किलो वजन उतरविले, आणि २००५ मध्ये राजधानी लिटल रॉक येथील मॅरेथॉन शर्यत ते धावले. पुढारी एक सांगतो व दुसरेच करतो, असा अनुभव असलेल्या प्रजेस हे दृश्य भावले असल्यास आश्चर्य नाही.

२००३-०४ या पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन लाख मुले मोजली गेली आणि त्यांतील ३८ टक्के मुले वाजवीपेक्षा जास्त वजनाची निघाली. ही मोजणी म्हणजे लहान काम नव्हे. तराजू आणि उंचीच्या पट्ट्या सर्वत्र सारख्या हव्यात, मोजणारी परिचारिका शिकलेली हवी, मुलास इतरांच्या नजरेआड मोजावयास हवे. कायद्याच्या मूळ मसुद्यात हा आकडा मुलाच्या प्रगतिपुस्तकावरच छापावयाचा होता! गणितात ६५, भूगोलात ७०, आणि खाली अंगावरच्या मेदाचा शेरा. पालक खवळले, आणि प्रगतिपुस्तकाऐवजी बंद पाकिटातून खासगी पत्र पाठविण्याची पद्धत आली. २००७ साली कायदा आणखी सौम्य झाला. मोजणी दरवर्षी न होता एक इयत्ता सोडून एक होऊ लागली आणि पालकास लेखी नकार देण्याची मुभा मिळाली. मुलांची चिडवाचिडवी वाढेल ही भीती मात्र नंतरच्या चौकशीत तितकीशी खरी ठरली नाही.

या पत्राविषयी लिहिताना मला त्या पाकिटापेक्षा ते फोडणारी आई अधिक दिसते. दोन पाळ्या करून परतलेली, जवळपास ताजी भाजी मिळत नाही अशा वस्तीत राहणारी ती बाई, मुलाचा निर्देशांक वाचून नेमके काय करणार? रात्री स्वस्तात पोट भरेल असे जे दुकानात मिळते, तेच ती घरी आणणार. पत्राने तिला माहिती मिळाली. बाजार मात्र होता तेथेच राहिला. उलट, आपण आई म्हणून कमी पडलो, ही बोचणी तेवढी तिच्या पदरी आली.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. कॅलिफोर्निया राज्यात ७९ शाळांतील सुमारे २९ हजार मुलांवर याच प्रश्नाची रीतसर परीक्षा झाली. काही शाळांतून पालकांना निर्देशांकाची पत्रे गेली, काहींतून गेली नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, पत्रांमुळे मुलांचे वजन सुधारले नाही. मोजणीमुळे स्वतःच्या देहाविषयीचे असमाधान मात्र काहीसे वाढलेले दिसले.

तरीही आर्कन्सॉचा कायदा फसला असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यात तराजूखेरीज दुसरीही कलमे होती आणि त्यांचा गाजावाजा कमी झाला. प्राथमिक शाळांत दिवसा नाणे टाकून गोड पेये व खाऊ देणारी यंत्रे बंद झाली. पेयांच्या कंपन्यांशी शाळांनी केलेले करार उघड करणे भाग पडले, कारण अनेक शाळा या पेयांच्या विक्रीतून स्वतःचा खर्च भागवीत होत्या. पुढे २००६ मध्ये हकबी आणि त्याच राज्याचे पूर्वीचे राज्यपाल बिल क्लिंटन यांच्या पुढाकाराने बड्या पेय-कंपन्यांनी साखरेची पेये देशभरच्या शाळांतून काढून घेण्याचे मान्य केले, आणि काही वर्षांतच शाळांना पोचणाऱ्या पेयांतील उष्मांक सुमारे ९० टक्क्यांनी घटले. आईला एकही पत्र न लिहिता हे झाले. राज्यातील मुलांच्या वजनाची चढती रेषा पहिल्या काही वर्षांत थांबल्यासारखी दिसली, पण प्रौढांचे चित्र निराशाजनकच राहिले. २०२३ मध्ये तेथील ४० टक्के प्रौढ स्थूल होते.

आपल्या देशात केरळने २०१६ साली निराळी वाट धरली. अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी नाममुद्रांकित उपाहारगृहांतील बर्गर, पिझ्झा इत्यादींवर साडेचौदा टक्के कर बसविला. हेतू स्तुत्य होता, पण तळलेल्या देशी पदार्थांना त्याने हात लावला नाही. जणू मेद परदेशी पावावरच चढतो! १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हा कर त्यात विरून गेला. एका वर्षात त्याची परीक्षा होणे शक्यच नव्हते. शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत अति तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा देशभराचा नियम २०२० साली झाला. आपण बडोदेकरांनी एकदा मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभे राहून हे ५० मीटर मोजून पाहावेत.

आर्कन्सॉचा तराजू जसाच्या तसा येथे आणण्यास आणखीही एक अडचण आहे, आणि ती पुण्यातच सापडली. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसावयास सडपातळ, पण आतून मेदाळ, अशी आपल्याकडच्या अनेकांची ठेवण असते. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढेच सावध व्हावे असे वैद्य सांगतात, आणि वजनाबरोबर कंबरेचा घेर पाहतात. आजीला जो नातू ‘वाळलेला’ वाटतो, त्याच्याविषयी तराजूही तिच्याइतकाच चुकू शकतो.

ज्या बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला, तेथे देह कमावण्याचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. पण आखाड्यास जागा लागते, मैदान लागते, आणि शेव-उसळीची गाडी सोडून मुलाने तिकडे वळावे असे वाटण्याजोगी संध्याकाळ लागते. या गोष्टी पत्राने घरी पाठविता येत नाहीत. त्यांची तरतूद नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात करावी लागते.

आर्कन्सॉत आता हकबींच्या कन्या सारा हकबी सँडर्स राज्यपाल आहेत. सरकारी अन्नसाहाय्याच्या पैशांतून सोडा आणि मिठाई विकत घेण्यास जुलै २०२६ पासून बंदी घालण्याची परवानगी त्यांनी जून २०२५ मध्ये केंद्राकडून मिळविली. गरिबाच्याच टोपलीवर पहारा का, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो, आणि तो मला वाजवी वाटतो. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. २०२५-२६ या शालेय वर्षापासून सरकारी शाळेतील प्रत्येक मुलास, त्याचे वजन वा बापाचे उत्पन्न न विचारता, सकाळची न्याहारी फुकट द्यावयाची. तिचा खर्च औषधी गांजावरील करातून भागविला जातो.