विश्लेषण : जुलाब थांबवणारी गोळी आतड्यात नेमके काय करते?

एसटीचा लांबचा प्रवास, परीक्षा किंवा घरात लग्न. नेमके तेव्हाच पोट बिघडते आणि कुणीतरी ‘लोपेरामाइड’ची गोळी पुढे करते. काही तासांत फेऱ्या कमी होतात. पोट बरे झाले असे वाटते. पण गोळीने जंतूंना हातही लावलेला नसतो. तिने फक्त आतड्याची हालचाल मंदावलेली असते.

आतडे हलते कसे?

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये चेतापेशींचे दाट जाळे. हे जाळे मेंदूच्या हुकमाची वाट पाहत बसत नाही. त्यातल्या काही पेशी अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन सोडतात आणि स्नायू आकुंचन पावतो. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, अन्न पुढे सरकते.

गोळी कुठे आड येते?

याच चेतापेशींवर अफूजन्य द्रव्ये जाऊन बसतात असे ‘रिसेप्टर’ असतात. अफूने शौचाला खडा होतो, तो यामुळेच. १९६९ मध्ये बेल्जियममध्ये तयार झालेले लोपेरामाइड त्याच रिसेप्टरवर बसते. अ‍ॅसिटिलकोलिन कमी सुटते, आकुंचने मंदावतात, मल आतड्यात जास्त वेळ राहतो आणि त्यातले पाणी शोषले जाते.

मग नशा का येत नाही? मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. तो हे औषध परत बाहेर ढकलतो. मात्र मात्रा भलतीच वाढवली तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला होता.

कधी घेऊ नये?

ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर ही गोळी घेऊन वाट पाहू नये, डॉक्टरांकडे जावे. जंतू आणि त्यांचे विष बाहेर टाकण्याचा आतड्याचा मार्गच ती रोखते. आतडे फुगून जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. दोन वर्षांखालील मुलांना तर ती देऊच नये.

फेऱ्या थांबल्या तरी शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार गोळीने परत येत नाहीत. त्यासाठी ओआरएसच हवे. एक लिटरसाठीचे पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवायचे. पेल्यात थोडे थोडे टाकून नव्हे.