सी-वनवर काय लावलंय?

मालवण-कसाळ रस्त्यावरच्या कट्ट्याहून तुळशीच्या लग्नानंतर कुठल्याही दिशेला निघा, आज नाहीतर उद्या कुठल्या तरी देवळासमोर दशावतार असतोच. पालखी, ओट्या, गाऱ्हाणी सगळं आटपून रात्री उशिरा नाटक उभं राहतं ते पहाटे दहीकाल्याबरोबर संपतं. मशाली गेल्या, पेट्रोमॅक्स गेले, हॅलोजनही आता गेल्यात जमा आहेत. मांडवात एलईडी लटकतात. काही मिनिटांपूर्वी शांतपणे संवाद म्हणणारा राजा अचानक युद्धाला उठतो, पखवाज चढतो, आणि दोन वेषधारी आठ-दहा फुटांच्या जागेत गरागरा फिरू लागतात. कॅमेऱ्याचं खरं-खोटं करायला ही जागा उत्तम. मिररलेस कॅमेऱ्याची बटणं आणि मेनू मन लावून फोटो काढणाऱ्याला सोयीचे आहेत का, हा प्रश्न दुकानाच्या लख्ख उजेडात विचारला तर उत्तर ‘हो’ येतं. रात्री दोन वाजता, बाकड्याच्या कडेला अर्धवट टेकून विचारला, तर ते इतकं सरळ येत नाही.

आधी थोडी वंशावळ. पॅनासॉनिकने २००८ साली जी-१ आणला, तो अदलाबदलीच्या लेन्सचा आणि आत आरसा नसलेला आजच्या वळणाचा पहिला कॅमेरा. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम ए-७ काढला. निकॉन आणि कॅनन बराच काळ कुंपणावर बसून होते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जेमतेम पंधरवड्याच्या अंतराने दोघांनीही फुल फ्रेम मिररलेसमध्ये उडी मारली. त्यानंतर नवं संशोधन, नव्या लेन्स, सगळं मिररलेसकडे गेलं. पेंटॅक्ससारखा एखादा अजून आरशाला धरून आहे, पण कणकवली-कुडाळच्या लग्नाच्या धंद्यात पेंटॅक्सचा विचार कोण करतो? तेव्हा मिररलेस घ्यायचा की नाही, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. घेतल्यावर तो हाताला बसतो का, एवढंच बघायचं.

दशावताराच्या रात्री तो पहिला पैसा वसूल करून देतो तो व्ह्यूफाइंडरमध्ये. आरशाच्या कॅमेऱ्यात समोरचं दृश्य दिसायचं, फोटो नव्हे. तो नंतर मागच्या स्क्रीनवर कळायचा. इथे काढण्याआधीच फोटो दिसतो. राक्षसाच्या चेहऱ्यावरचा लाल रंग एलईडीखाली उडतोय, नुसता लाल डाग होतोय, हे बटण दाबण्यापूर्वी समजतं आणि अंगठ्याने एक्स्पोजर दोन टिचक्या खाली आणता येतं. चेहरा आणि डोळा शोधणारा फोकसही मोठी सोय. तोही सगळ्यांनाच ओळखतो असं नाही. पूर्वरंगात सोंडेचा मुखवटा लावलेला गणपती येतो, काळ्या बुरख्यातून लाल जीभ लोंबवत संकासुर येतो. त्यांच्यापुढे कॅमेरा गोंधळतो आणि खुशाल मागच्या पेटीवाल्याच्या डोळ्यांवर जाऊन बसतो. अशा वेळी चेहरा ओळखणं क्षणात बंद करून फोकसचा चौकोन आपल्या हाताने ठेवावा लागतो. तो ‘क्षणात’ कुठे ठेवलाय, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर लावून काढलेल्या दशावताराच्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे दिसतात आणि माणसं कॅमेरा बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात. कॅमेरा ठीक असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ते वाचन पुरं व्हायला सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात दिवा पाच वेळा उजळून मावळलेला असतो. म्हणून पाच पट्टे. उपाय साधा आहे. यांत्रिक शटरवर यायचं, १/१०० किंवा १/५० ठेवायचं, नाहीतर फ्लिकर कमी करण्याची सोय चालू करायची. स्वस्त एलईडी याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. त्यांच्यासाठी शटरचा वेग अगदी बारीक अंशांनी बदलण्याची सोय वरच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत आली आहे. पण ह्या तिन्ही गोष्टी मेनूच्या तीन वेगवेगळ्या पानांवर असू शकतात. (आणि मुळात पखवाज, झांज आणि पेटीच्या त्या गदारोळात शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार होता? सायलेंट शटर कीर्तनाला ठेवावं.)

म्हणजे मेनू लांब आहे ही तक्रार खरी असली तरी वरवरची आहे. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी मेनूत खोल असल्या तर बिघडत नाही. तारीख, कॉपीराइटचं नाव, फाइलचा क्रमांक तिथेच बरे. वांधा होतो तो रात्रीत चाळीस वेळा लागणारी गोष्ट त्यांच्याच रांगेत बसवल्यावर. सोनीच्या जुन्या मेनूवर जगभर टीका झाली ती यामुळेच. २०२० च्या ए-७-एस-३ मध्ये त्यांनी तो नव्याने रचला आणि बोटाने चालू लागला. कॅननने २०१८ च्या ईओएस-आर वर अंगठ्याजवळ एक स्पर्शपट्टी दिली होती. नको तेव्हा लागायची आणि हवी तेव्हा दाद द्यायची नाही. २०२० च्या आर-५ आणि आर-६ मध्ये ती गुपचूप गायब झाली. कंपन्या ऐकतात, फक्त आपल्या खिशातून शिकतात.

स्पर्शाचं म्हणाल तर तळाशील-तोंडवळीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढतात तिथे जाऊन पाहावं. हात ओले, बोटांना खारं पाणी, वाळू. स्क्रीन बोट ओळखत नाही, किंवा थेंबालाच बोट समजते. तिथे टचकन वाजणारं चाक लागतं. तर्जनीखाली फिरणारं चाक कॅननने १९८६ मध्ये टी-९० वर आणलं आणि आज जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात ते आहे. इतकं टिकलेलं काही सुधारायच्या भानगडीत कोणी पडू नये.

आता मुख्य अडचण. ती मला कॅमेऱ्याच्या परीक्षणांत क्वचितच वाचायला मिळते, कारण परीक्षण लिहिणाऱ्याचा कॅमेरा त्याच्या एकट्याचा असतो. मिररलेसचं अंग लहान झालं, बटणांना जागा उरली नाही. मग कंपन्यांनी बटणांवर नुसतं सी-वन, सी-टू, एफएन छापलं आणि त्यावर काय लावायचं ते मालकावर सोडलं. एकट्या मालकाला हे वरदान आहे. आठवडाभर बसून तो आयएसओ इथे, डोळ्याचा फोकस तिथे, शटरचा प्रकार पलीकडे असं लावून घेतो, आणि मग अंधारातही त्याचा अंगठा चुकत नाही. निकॉनच्या जुन्या बॉडीवर डाव्या खांद्याला क्वालिटी, व्हाइट बॅलन्स अशी बटणं होती. त्याला त्यांची गरज नाही.

पण कट्ट्यासारख्या बाजारगावात कॅमेरा एकट्याचा नसतो. लग्नसराईत एकच बॉडी सकाळी हळदीला काका नेतात, दुपारी मंडपात पुतण्या, रात्री वरातीला भाड्याने बोलावलेला तिसराच कोणी. दशावताराला मालक दमला की शेजारच्याच्या हातात कॅमेरा देऊन चहाला उठतो. जुन्या कॅमेऱ्यावर आयएसओच्या बटणावर आयएसओ लिहिलेलं होतं. कोणीही उचलला तरी चाचपडत का होईना काम निघायचं. आता कॅमेरा हातात घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, सी-वनवर काय लावलंय? त्यात आणखी गंमत अशी की सोनीवर सी-वन हे बटण आहे, आणि कॅननच्या बऱ्याच बॉडींवर सी-वन ही मोडच्या डायलवरची जागा आहे, सगळं ठरलेलं सेटिंग एकदम आणणारी. कॅननवर शिकलेला मुलगा सोनी उचलतो आणि सी-वन फिरवायला जातो. चूक त्याची म्हणायची का?

हे कौशल्य कमी पडल्याचं लक्षण आहे, असं शहरातले काही जाणकार म्हणतील. मला ते पटत नाही. फोटोग्राफी आपल्याकडे पहिल्यापासून चार हातांची कला आहे. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. मांद्र्याच्या लाड घराण्यातले भाऊ दाजी आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी दोघेही त्या वर्तुळातले. नारायण दाजी उत्तम फोटो काढत. त्या काळी काचेवर लेप देणारा एक, झाकण काढून वेळ मोजणारा दुसरा, लगेच धुणारा तिसरा. कॅमेऱ्यावर लपलेलं काहीच नव्हतं, म्हणून काम एकाकडून दुसऱ्याकडे सरकत असे. मालवणातल्या स्टुडिओंतही मदतनीस म्हणून आलेलेच पुढे फोटोग्राफर झाले, ते मालकाचा कॅमेरा हाताळून.

फुजीने मात्र २०१४ च्या एक्स-टी-१ वर शटर, आयएसओ आणि एक्स्पोजरचे डायल आकडे कोरून उघडे ठेवले. निकॉनचा २०२३ चा झेड-एफ त्याच वाटेचा. लोक त्यांना जुन्या आठवणींचा शौक म्हणतात. मी म्हणेन की कॅमेरा बंद असतानाही तो कुठे लावलाय ते दिसतं, ही आठवण नव्हे, माहिती आहे. त्याचीही किंमत आहे: हळदीचं आणि वरातीचं सेटिंग एका झटक्यात बदलत नाही, प्रत्येक डायल हाताने फिरवावा लागतो, आणि अंधारात कोरलेला आकडा वाचता येत नाही, टिचक्या मोजाव्या लागतात. लग्नवाल्याला म्हणून मी फुजी सुचवणार नाही. जत्रा, माणसं, बाजार टिपणाऱ्याला सुचवेन.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो, कारण ते बटणांइतकं महत्त्वाचं आहे. प्रमाणित चाचणीत निकॉनचा आरशाचा डी-८५० एका चार्जिंगवर १८४० फोटो देत असे, तर पहिला झेड-७ फक्त ३३०. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण दहीकाल्यापर्यंत पोचायला खिशात दोन जादा हव्यातच, आणि व्ह्यूफाइंडर सतत पेटता ठेवणारं सेटिंग शोधून बंद केलं पाहिजे.

निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत मेनू मराठीत करता येतो, हे पुष्कळांना माहीत नाही. तो तसा वापरणारा मला भेटलेला नाही. शिकायचे व्हिडिओ इंग्रजी-हिंदीत, शब्द इंग्रजी, मग मराठी मेनूत जाऊन माणूस उलट हरवतो.

सामायिक कॅमेरा घेणाऱ्यांनी माझ्या मते दोन बॉडी घ्यायच्या तर एकाच मॉडेलच्या घ्याव्यात, एक भारी एक हलकी नकोत. बहुतेक कंपन्या सगळं सेटिंग कार्डावर एका फाइलमध्ये साठवू देतात, पण ती फाइल साधारणतः त्याच मॉडेलवर चढते. काका, पुतण्या आणि भाड्याचा तिसरा यांनी एकदा बसून ठरवावं: आयएसओ कुठे, चेहरा ओळखणं बंद करणारं बटण कुठे, शटरचा प्रकार कुठे. मग ती फाइल प्रत्येक कार्डावर ठेवावी, दर कामाआधी चढवावी. जुना कॅमेरा विकत घेतला तर आधी सगळं रीसेट करावं, नाहीतर आदल्या मालकाच्या अंगठ्याच्या सवयी आपण वागवत बसतो. आणि कंपन्यांनी लाखाच्या वरच्या यंत्रावर, बटण अर्धवट दाबताच त्यावर काय लावलंय ते व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात दाखवणं अवघड नाही. ते होईपर्यंत गळ्यातल्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिहिणं चालतं: सी-वन, चेहरा बंद. सी-टू, शटर.