खोकल्याच्या बाटलीत काय असते?

थंडीच्या दिवसांत तासाच्या मध्येच एखादे मूल बाकावर डोके टेकून झोपलेले दिसते. चौकशी केली, की कळते, सकाळी निघताना आईने खोकल्याचे औषध पाजले आहे. ही झोप बहुधा सर्दीची नसते, औषधाची असते. ती का येते हे समजण्यासाठी बाटलीवरची बारीक अक्षरे आपण एकदा वाचून पाहू.

लेबलावर बहुतेक वेळा तीन-चार नावे असतात. त्यांतले क्लोरफेनिरामिन हे हिस्टामिनविरोधी औषध. हिस्टामिन हा पदार्थ नाकातल्या पेशींवरील ग्राहींना जाऊन चिकटला, की शिंका येतात, नाक वाहू लागते. क्लोरफेनिरामिन या ग्राहींची जागा अडवून बसते. परंतु हिस्टामिन मेंदूतही असते आणि तिथे आपल्याला जागे ठेवणे हे त्याचे एक काम आहे. क्लोरफेनिरामिन रक्तातून मेंदूत सहज शिरते, तिथलेही ग्राही अडवते आणि मूल पेंगू लागते. सेट्रिझिनसारखी नंतरची औषधे मेंदूत कमी शिरतात, म्हणून त्यांची गुंगीही कमी. मौज अशी, की हिस्टामिन हा मुख्य आरोपी ॲलर्जीच्या सर्दीत असतो. विषाणूंमुळे होणाऱ्या नेहमीच्या सर्दीत त्याचा वाटा थोडाच असतो.

दुसरे नाव फेनिलेफ्रिन. नाक चोंदते ते केवळ शेंबडाने नव्हे, तर आतल्या त्वचेतील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे. फेनिलेफ्रिन या वाहिन्या आकुंचित करते, पण थेंब नाकात टाकले तर. पोटातून घेतल्यास आतड्याच्या भिंतीतील आणि यकृतातील विकरे त्याचे बरेचसे विघटन करून टाकतात आणि नाकापर्यंत फारच थोडे पोहोचते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितले, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही. इतकी वर्षे ते घेऊन लोकांना बरे वाटत आले, याचे कारण सर्दी आठवडाभरात आपली आपण जाते हेच असावे! आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलावर छापण्यास सांगितले.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूच्या तळाशी असलेल्या खोकल्याच्या केंद्राला शांत करते. ग्वायफेनेसिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल कफ पातळ करते, म्हणजे तो खोकून बाहेर पडावा. काही बाटल्यांत ही दोन्ही एकत्र असतात. कफ सैल करायचा आणि त्याच वेळी खोकला दाबायचा, यातले तर्कशास्त्र आम्हाला कधी उमगलेले नाही. ॲम्ब्रॉक्सॉलची वंशावळ मात्र सांगण्याजोगी आहे. आपल्या कुंपणाच्या अडुळशात व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रेणूच्या धर्तीवर रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्झिन तयार केले आणि ब्रोमहेक्झिनचे शरीरात जे रूपांतर होते, ते ॲम्ब्रॉक्सॉल.

आतापर्यंत आपण औषधांबद्दल बोललो. खरी चिंता आहे ती औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाची. पॅरासिटामॉलसारखे पदार्थ नुसत्या पाण्यात पुरेसे विरघळत नाहीत. त्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. डायएथिलीन ग्लायकॉल हा कारखान्यांत वापरला जाणारा स्वस्त द्रव दिसायला अगदी यांच्यासारखाच: बिनरंगी, दाट, गोडसर. डोळ्यांना वा जिभेला फरक कळत नाही. यकृतातील विकरे त्याचे डायग्लायकॉलिक आम्ल बनवतात आणि हे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते.

अमेरिकेत १९३७ साली अशा एका औषधाने शंभरावर माणसे दगावली. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरिनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुले गेली. संशयित औषधे भारतात बनलेली होती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक मुले दगावली. तिथल्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. चालू शकणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. पाच मिलिलिटरच्या एका चमच्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल: पाच मिलिग्रॅमपेक्षा कमी असायला हवे, तिथे सुमारे २.४ ग्रॅम! आणि हे ओळखण्याची चाचणी काही नवी वा अवघड नाही. वायू वर्णलेखनाने ते स्पष्ट दिसते. प्रत्येक पिंपातला द्रव वापरण्याआधी तपासायचा, एवढेच करायचे असते.

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सल्ला दिला, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. वर्षाहून मोठ्या मुलाला रात्री चमचाभर मध दिल्यास खोकला थोडा कमी होतो, असे चाचण्यांत दिसले आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध मुळीच नको. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. औषध द्यावेच लागले, तर बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे, कारण स्वयंपाकघरातले दोन चमचे कधी एकसारखे नसतात. आणि औषध चालू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाटली फेकून न देता सोबत न्यावी. तिच्यावरचा बॅच क्रमांक डॉक्टरांना लागतो आणि तपासणीसाठी उरलेले औषधही.