मोबाईल आणि गुरुजी

सन २०२० मध्ये करोनाची साथ आली. शाळांना कुलपे लागली. मुले मोबाईलवर शिकू लागली. ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता, ती मुले मागे पडली. पुढे शाळा उघडल्या. तरी कोणी विचारतात, "मोबाईल हाय की, मग साळा कशापायी?"

आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यापुढे काढली. आम्ही सांगतो, दोन्ही हवेत.

मुलाचे पाठ्यपुस्तक उघडा. पुष्कळ पुस्तकांत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. 'दीक्षा' या ॲपने तो टिपावा. मग त्या धड्याची चित्रफीत पाहावयास मिळते. समजली नाही तर पुन्हा लावावी. दहा वेळा लावली तरी ती कंटाळत नाही.

पण वजाबाकीत मुलगा हातचा विसरला, हे चित्रफितीला कळत नाही. ते गुरुजींना कळते. ते जवळ येतात, चूक दाखवतात, पुन्हा गणित घालतात.

म्हणून रात्री घरी धडा पाहावा. जे अडेल ते सकाळी गुरुजींना विचारावे. आळीत एकच मोबाईल असेल, तर चार मुलांनी मिळून पाहावा. आपणही शेजारी बसावे. मोबाईल आहे म्हणून शाळा मात्र बुडवू नये.