आयईएलटीएसमध्ये व्याकरणाचा पेपरच नसतो, मग बँड व्याकरणामुळे का अडकतो?

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाण्यासाठी आयईएलटीएस देणाऱ्या अनेकांच्या टेबलावर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणि दुसरी अवघड शब्दांची यादी. महिनाभर रिकाम्या जागा भरल्या जातात, शब्द पाठ होतात. तरीही निकालात ऐकणं आणि वाचन सात-साडेसातवर असतं आणि लेखन साडेपाचवर अडकलेलं असतं.

हा अर्धा बँड किरकोळ नसतो. परीक्षेची फी पंधरा हजार रुपयांच्या पुढे आहे, आणि विद्यापीठाची अट पूर्ण झाली नाही तर प्रवेश पुढच्या सत्रावर जाऊ शकतो. मग एवढा अभ्यास करूनही लेखन आणि बोलणं का मागे पडतं? मराठीत विचार करणाऱ्यांच्या नेमक्या कुठल्या चुका होतात? आणि सराव कसा करावा? समजून घेऊया.

आधी गुणांचं गणित

आयईएलटीएस ही परीक्षा ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तीन संस्था मिळून चालवतात. ती 1989 पासून या नावाने घेतली जाते. ऐकणं, वाचन, लेखन आणि बोलणं असे तिचे चार भाग आहेत. प्रत्येक भागाला 0 ते 9 असा बँड मिळतो आणि चारही भागांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेली जाते.

समजा, ऐकण्यात 7.5, वाचनात 7, लेखनात 5.5 आणि बोलण्यात 6.5 मिळाले. सरासरी येते 6.625, म्हणजे एकूण बँड 6.5. विद्यापीठाची अट '6.5, पण कुठल्याही भागात 6 पेक्षा कमी नको' अशी असेल, तर एकूण बँड पुरेसा असूनही अर्ज अडतो. अशी अट बऱ्याच अभ्यासक्रमांना असते.

आता लेखनाचे गुण कसे देतात ते पाहा. चार निकष असतात आणि प्रत्येकाला 25 टक्के वजन असतं. प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं का, मांडणी सुसंगत आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे आणि व्याकरणाची विविधता व अचूकता किती आहे. बोलण्याच्या परीक्षेतही चारच निकष असतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे व्याकरणाचा स्वतंत्र पेपर नसला, तरी लेखन आणि बोलणं या दोन्ही भागांचे निम्मे गुण शब्द आणि व्याकरण यांवरच असतात.

फरक इतकाच की, इथे नियम आठवतो का हे कुणी विचारत नाही. एका तासात 150 आणि 250 शब्दांची दोन उत्तरं लिहिताना, किंवा 11 ते 14 मिनिटं परीक्षकाशी बोलताना, तो नियम आपोआप पाळला जातो का, हे पाहिलं जातं. रिकामी जागा भरताना आपल्याला ठाऊक असतं की प्रश्न 'द'चा आहे की काळाचा. निबंध लिहिताना ती सूचना देणारं कुणी नसतं. पुस्तकातला सराव आणि परीक्षेतली कामगिरी यांच्यातली दरी इथेच पडते.

6 आणि 7 बँडमध्ये फरक काय?

बँडचे निकष जाहीर आहेत आणि ते एकदा तरी वाचायलाच हवेत. व्याकरणाच्या बाबतीत ढोबळमानाने सांगायचं तर, 6 बँडवाला साधी आणि मिश्र अशी दोन्ही प्रकारची वाक्यं लिहितो. त्यात काही चुका असतात, पण अर्थ सहसा बिघडत नाही. 7 बँडवाल्याच्या लेखनात निर्दोष वाक्यं वारंवार दिसतात.

याचा अर्थ, एकही चूक नको असा आग्रह नाही. पण दर दुसऱ्या वाक्यात एक छोटी चूक असेल, तर निर्दोष वाक्यांची संख्या वाढतच नाही. या छोट्या चुका बहुतेक वेळा त्याच त्या असतात आणि त्यांचं मूळ अनेकदा आपल्या मराठीत असतं.

मराठीतून इंग्रजीत शिरणाऱ्या पाच चुका

1. 'अ' आणि 'द'. मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही. 'शेजाऱ्यांनी कुत्रा पाळलाय. कुत्रा रात्रभर भुंकतो.' दोन्ही वाक्यांत कुत्रा तसाच राहतो. इंग्रजीत मात्र पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ डॉग' आणि ऐकणाऱ्याला तो कुठला हे कळल्यावर 'द डॉग'. उलट, सर्वसाधारण विधान करताना अनेकवचनाला काहीच लागत नाही. निबंधात 'सगळ्याच विद्यार्थ्यांनी' अशा अर्थाने 'द स्टुडंट्स शुड लर्न कुकिंग' लिहिलं, तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कुठले विद्यार्थी? तिथे नुसतं 'स्टुडंट्स' हवं.

2. 'पासून'चा घोळ. 'मी 2019पासून पुण्यात राहतो' आणि 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' चालतं आणि क्रियापद वर्तमानकाळात असतं. त्यामुळे 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य अगदी सहज तोंडात येतं. त्यात दोन चुका आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स 2019', कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. आणि दोन्हीकडे क्रियापद 'हॅव लिव्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग'. बोलण्याच्या परीक्षेत घर, काम, छंद यांवर प्रश्न येतात, त्यामुळे ही रचना लागण्याची शक्यता खूप असते.

3. जो-तो. 'जे लोक शहरात राहतात, त्यांना प्रदूषणाचा त्रास होतो.' मराठीत 'जे' आलं की 'ते' किंवा 'त्यांना' येणारच. ही सवय इंग्रजीत गेली की 'पीपल हू लिव्ह इन सिटीज, दे सफर फ्रॉम पोल्युशन' असं वाक्य तयार होतं. यातला 'दे' आणि त्याआधीचा स्वल्पविराम, दोन्ही काढायचे.

4. प्रश्नातला प्रश्न. 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह.' गंमत म्हणजे इथे मराठी आपल्याला मदतच करू शकते. 'तो कुठे राहतो?' हा प्रश्न आणि 'तो कुठे राहतो, मला माहीत नाही' हे विधान, दोन्हींत मराठीतला शब्दक्रम बदलत नाही. इंग्रजीत थेट प्रश्न विचारताना 'डझ' येतं, पण तो प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: 'व्हेअर ही लिव्ह्ज'.

5. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव इन्क्रीज्ड.' ॲकॅडेमिक प्रकारच्या लेखनात पहिला प्रश्न आलेख, तक्ता किंवा आकृतीचं वर्णन करण्याचा असतो, तिथे ही चूक हमखास सापडते. 'स्टुडंट्स' शेजारी असल्यामुळे हात 'हॅव'कडे जातो. हेच मराठीत म्हणून पाहा: 'विद्यार्थ्यांची संख्या वाढली.' आपण 'वाढले' म्हणत नाही, कारण वाढली ती संख्या. म्हणून 'हॅज'. साध्या वर्तमानकाळातला 'एस'ही असाच फसवतो. इंग्रजीत तो नामाला लागला की सहसा अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन: 'बॉइज गो', पण 'द बॉय गोज'.

अवघड शब्द वापरले की बँड वाढतो का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. यादीतून पाठ केलेला भारदस्त शब्द चुकीच्या जागी बसला की फायदा होण्याऐवजी नुकसानच होतं. परीक्षक शब्दाच्या अचूकतेबरोबरच तो कुठल्या शब्दासोबत वापरला आहे, हेही पाहतो.

प्रत्येक भाषेत शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात. आपण मराठीत परीक्षा 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. आपल्याला स्वप्न 'पडतं', इंग्रजीत ते 'हॅव' करतात. चूक आपण 'करतो', म्हणून 'डू अ मिस्टेक' सुचतं, पण जोडी आहे 'मेक अ मिस्टेक'. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. दिवा आपण 'बंद' करतो, पण इंग्रजीत 'क्लोज' करतात ते दार, दिवा 'टर्न ऑफ' करतात. यातला एकही शब्द अवघड नाही, तरी नेमक्या याच ठिकाणी लेखन परकं वाटायला लागतं.

म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका, जोडी लिहा. 'रिसर्च' लिहिण्यापेक्षा 'कंडक्ट रिसर्च' लिहा. शेजारी त्याचा स्वभावही नोंदवा: 'रिसर्च', 'इक्विपमेंट', 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन' यांना अनेकवचनाचा 'एस' लावत नाहीत. 'माहिती'चं अनेकवचन मराठीतही कुणी करत नाही, त्यामुळे 'इन्फॉर्मेशन' लक्षात ठेवणं सोपं आहे. 'सल्ला'चं मात्र आपण 'सल्ले' करतो, म्हणून 'ॲडव्हाइसेस' लिहिलं जातं.

किती शब्द शिकायचे, हा पुढचा प्रश्न. भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी प्रसिद्ध केली. एका मूळ शब्दापासून तयार होणारी सगळी रूपं म्हणजे एक शब्दकुटुंब. 'ॲनलाइझ', 'ॲनॅलिसिस', 'ॲनॅलिटिकल' हे एकच कुटुंब. ही यादी मोफत उपलब्ध आहे. हजारो दुर्मिळ शब्दांमागे धावण्यापेक्षा हे शब्द त्यांच्या जोड्यांसह वापरता येणं जास्त उपयोगाचं.

स्पेलिंगकडेही लक्ष हवं. ऐकण्याच्या आणि वाचनाच्या भागात उत्तर बरोबर असूनही स्पेलिंग चुकलं, तर तो गुण जातो. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंग चालतात.

मग सराव कसा करायचा?

चुकांची वही ठेवा. एक निबंध लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. मग चुकांची प्रकारानुसार मोजणी करा: आर्टिकल किती, काळ किती, जोड्या किती. दोन-तीन निबंधांनंतर चित्र स्पष्ट होतं. बहुतेक चुका दोन-तीन प्रकारांतच सापडल्या, तर व्याकरणाचं अख्खं पुस्तक सोडवण्याची गरज नाही. तेवढी प्रकरणं पुरेत.

उलटसुलट भाषांतर करा. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. ती युक्ती आजही उपयोगी आहे, फक्त सुट्या वाक्यांऐवजी परिच्छेद घ्या. चांगल्या इंग्रजी लेखातला एक परिच्छेद मराठीत आणा. दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता तो पुन्हा इंग्रजीत न्या आणि मुळाशी ताडून पाहा. मराठीत येताना 'अ' आणि 'द' पुसले जातात. परत जाताना ते तुम्हाला स्वतःच ठरवावे लागतात. हवा असलेला सराव तो हाच.

वाचू नका, आठवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 साली दाखवून दिलं की, पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो. 2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र, वाचल्यावर न पाहता तो आठवून लिहिणारे पुढे गेले. शब्दांनाही हेच लागू करा. मराठी अर्थ समोर ठेवा, इंग्रजी जोडी आठवा आणि स्वतःचं वाक्य करा. मग एक दिवसाने, तीन दिवसांनी, आठवड्याने असं अंतर वाढवत न्या.

बोलून रेकॉर्ड करा. बोलण्याच्या दुसऱ्या टप्प्यात एक विषय मिळतो, तयारीला एक मिनिट असतं आणि जास्तीत जास्त दोन मिनिटं बोलायचं असतं. मोबाइलवर तेवढंच रेकॉर्ड करा, ऐका, चुका लिहा आणि त्याच विषयावर पुन्हा बोला. पाठ केलेली उत्तरं टाळा. ती परीक्षकाला ओळखू येतात आणि त्याचा फटका बसतो.

दुरुस्ती स्वतः करा. व्याकरण तपासणारी ॲप किंवा एआय साधनं वापरायला हरकत नाही. पण त्यांनी वाक्य सुधारून दिलं आणि तुम्ही ते स्वीकारलं, तर सराव त्यांचा होतो. चूक फक्त दाखव, दुरुस्त करू नकोस, असं सांगा. संगणकावरच्या परीक्षेतही शब्दाखाली लाल रेघ येत नाही.

पुन्हा परीक्षा देण्याआधी

संगणकावर परीक्षा दिली असेल, तर 'वन स्किल रीटेक' या सोयीने एकच भाग पुन्हा देता येतो. पण त्याचा निकाल तुमचं विद्यापीठ किंवा संस्था स्वीकारते का, हे आधी विचारून घ्या. आयईएलटीएसचा निकाल सहसा दोन वर्षं ग्राह्य धरतात.

पुन्हा फी भरण्याआधी एक चाचणी घरीच करा. घड्याळ लावून 40 मिनिटांत 250 शब्दांचा निबंध लिहा. मग त्यातली पूर्णपणे निर्दोष वाक्यं मोजा, शक्यतो जाणकाराच्या मदतीने. पंधरापैकी पाचच निघाली, तर आणखी सराव हवा. दर आठवड्याला हा आकडा लिहून ठेवा. तो चढत गेला की तयारी योग्य दिशेने चालली आहे.