प्रवेशाचे प्रमाण आणि अर्जदाराचा संभव

‘अमुक विद्यापीठ शेकडा पाच अर्जदारांनाच प्रवेश देते’ हे विधान वाचणारा अर्जदार त्याचा अर्थ ‘मला प्रवेश मिळण्याचा संभव शेकडा पाच’ असा करून घेतो. आकडा तोच राहतो. पालटतो तो षष्ठीचा संबंध. पहिल्या विधानातील प्रमाण अर्जदारांच्या समुदायाचे आहे, दुसऱ्यातील संभव एका व्यक्तीचा. समुदायाचा धर्म व्यक्तीवर आरोपिल्याने किती गफलत होते, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील उदाहरणावरून ध्यानी येते.

१९७३ साली तेथील पदव्युत्तर वर्गांसाठी ८,४४२ पुरुषांनी व ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांविरुद्ध पक्षपात झाला, असे अनुमान यावरून कोणीही काढील. बिकेल, हॅमेल व ओकॉनेल यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विभागवार छाननी प्रसिद्ध केली, तेव्हा मात्र निराळेच चित्र दिसले. मोठ्या सहा विभागांपैकी एकात ६२ टक्के पुरुषांना व ८२ टक्के स्त्रियांना प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या एकात हेच आकडे ६ व ७ होते. पहिल्या विभागाकडे ८२५ पुरुषांनी अर्ज केले होते, स्त्रियांनी अवघे १०८. जेथे प्रवेश दुर्मिळ, तेथेच स्त्रियांची गर्दी अधिक होती. (अन्याय नव्हताच, असे यावरून ठरत नाही, तो अर्जापूर्वीच, शिक्षणात व संस्कारांत घडतो, असा त्या लेखकांचा रोख होता.) प्रस्तुत प्रश्नापुरते एवढे स्पष्ट आहे की, ३५ टक्के हा संभव त्या ४,३२१ जणींना सरसकट लागू पडत नव्हता.

मग विभागाचे प्रमाण तरी अर्जदाराचे मानावे काय? तेही पुन्हा गुण, पूर्वाभ्यास, उपलब्ध शिष्यवृत्ती यांनुसार विभागता येते. एकच व्यक्ती अनेक वर्गांत मोडते, ही अडचण जॉन व्हेन यांनी १८६६ मध्येच ‘द लॉजिक ऑफ चान्स’ या ग्रंथात चर्चिली होती. वर्ग लहान करीत गेल्यास शेवटी उरतो तो एकटा अर्जदार, आणि एकट्याचे प्रमाण निघत नाही.

परदेशी जाऊ इच्छिणारे आपले विद्यार्थी आणखी एक हिशेब मांडतात : प्रत्येकी पाच टक्के संभवाच्या दहा ठिकाणी अर्ज केले, तर कोठेतरी प्रवेश मिळण्याचा संभव चाळीस टक्के. गुणाकार बिनचूक आहे; परंतु दहाही निर्णय परस्परनिरपेक्ष असतील, तरच तो लागू पडतो. प्रत्यक्षात तीच गुणपत्रिका, तेच निवेदन व तीच शिफारसपत्रे दहाही ठिकाणी जातात. जे उणे पहिल्या समितीला खटकले, ते बहुधा दहावीलाही खटकते.