स्वप्नातील बास गिटार : मालकीच्या आनंदाचे स्वरूप

प्रास्ताविक

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात श्रोत्याचे लक्ष ज्याच्याकडे सर्वांत कमी जाते, असे वाद्य म्हणजे बास गिटार होय. गायकाचे व मुख्य गिटारवादकाचे नाव श्रोत्यांच्या तोंडी असते; खालच्या सप्तकात राहून ताल आणि स्वर यांना एकत्र बांधून ठेवणारा वादक मात्र बहुधा रंगमंचाच्या मागच्या बाजूस उभा असतो. तंबोऱ्याचा खर्ज चालू असताना त्याकडे कोणी मुद्दाम कान देत नाही, परंतु तो थांबताच मैफल उघडी पडते. काहीसे तसेच या वाद्याचे आहे. असे असूनही हाताने घडविलेल्या, अत्यंत महाग बास गिटारांची एक स्वतंत्र बाजारपेठ अमेरिकेत आणि युरोपात गेली पन्नास वर्षे टिकून आहे. फोडेरा किंवा अलेम्बिक यांसारख्या कार्यशाळेत मागणीनुसार बनविलेल्या वाद्याची किंमत दहा हजार डॉलरच्या सहज पुढे जाते आणि ते हाती येण्यासाठी कित्येक महिने वाट पाहावी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षे पैसा बाजूस टाकणारे वादक हे बहुतेक धनिक नसतात. श्रोत्याला ज्याचा फरक क्वचितच जाणवतो, अशा वस्तूसाठी एवढा खटाटोप का केला जातो आणि ती मिळाल्यावर होणारा आनंद नेमका कशाचा असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनापासून स्वप्नापर्यंत

हे वाद्य जन्मले ते सोय म्हणून. डबल बास हे माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, वाहून नेण्यास अवघड आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकू न येणारे वाद्य होते. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवे धरून वाजविण्याची विद्युत बास गिटार तयार केली होती, पण ती रुजली नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. दांडीवर पडदे बसविलेले असल्याने स्वर अचूक लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. फेंडर हे मूळचे रेडिओदुरुस्ती करणारे गृहस्थ. त्यांनी वाद्याचे धड आणि दांडी वेगवेगळी बनवून ती स्क्रूने जोडली, जेणेकरून बिघाड झाल्यास भाग बदलता यावा. ही दृष्टी कारखानदाराची होती. १९६० मध्ये त्यांचीच 'जॅझ बास' आली आणि जानेवारी १९६५ मध्ये ही कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतरच्या वाद्यांचा दर्जा घसरला, अशी वादकांची तक्रार होती. ती सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. पण त्याच असमाधानातून स्वतंत्र कारागिरांना वाव मिळाला, हे निश्चित.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९६९ साली सुरू झालेल्या अलेम्बिकने १९७२ मध्ये जॅक कॅसाडी या वादकासाठी आपली पहिली संपूर्ण बास घडविली. पुढे स्टॅन्ले क्लार्क यांच्या हातात अलेम्बिक दिसू लागली आणि बास हे मागे उभे राहण्याचे वाद्य नसून पुढे येऊन वाजविण्याचेही आहे, हे त्या काळच्या तरुण वादकांना उमगले. न्यूयॉर्कमध्ये अँथनी जॅक्सन यांना सहा तारांची बास हवी होती. कार्ल थॉम्पसन यांनी ती १९७५ मध्ये प्रथम बनवून दिली. पण जॅक्सन यांचे समाधान झाले नाही. ते एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जात राहिले आणि अखेर ब्रुकलिनमधील फोडेरा कार्यशाळेने (स्थापना १९८३) त्यांच्या कल्पनेतील ३६ इंच तारलांबीचे वाद्य आकाराला आणले. वादकाच्या हट्टापायी वाद्य बदलत जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

पैशाने नेमके काय मिळते?

महाग वाद्य अधिक 'गोड' वाजते, ही समजूत अर्धवट खरी आहे. पैशाने गोडवा मिळतो त्यापेक्षा अधिक दोष दूर होतात. ताणलेल्या तारेची कंपनसंख्या तिची लांबी, ताण आणि वजन यांवर अवलंबून असते. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. पाचवी तार लावल्यास तिला ३१ पर्यंत खाली उतरावे लागते. लांबी तीच, म्हणजे ३४ इंच ठेवली, तर तार एक तर सैल पडते, नाही तर फार जाड करावी लागते. जाड तार ताठ असते आणि ताठ तारेचे उपस्वर आपल्या गणिती जागेपासून किंचित वर सरकतात. परिणामी स्वर धूसर होतो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लहान ध्वनिवर्धकांतून इतक्या खालचा मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. श्रोत्याचा मेंदू उपस्वरांवरून त्याची जुळणी करतो. उपस्वरच विस्कटले, तर ही जुळणीही डळमळते. म्हणून ३५ इंचांची दांडी, किंवा जाड तारेला अधिक व बारीक तारेला कमी लांबी देणारे तिरपे पडदे, असे उपाय योजले जातात.

दुसरा दोष अधिक चमत्कारिक आहे. बास वाजविताना एखाद्या ठिकाणी, बहुधा सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास, स्वर उमटतो आणि लगेच विरतो. वादक याला 'मृत जागा' म्हणतात. तेथे तारेच्या कंपनांचा वेग दांडीच्या नैसर्गिक कंपनांशी जुळतो आणि तारेची ऊर्जा दांडी शोषून घेते. यावर उपाय म्हणजे दांडी अधिक ताठ करणे. मेपलच्या अनेक पट्ट्या उलटसुलट रेषांनी चिकटवून दांडी करणे, ती धडाच्या आरपार नेणे, किंवा १९७० च्या दशकात मॉड्युलस कंपनीच्या जेफ गुल्ड यांनी केले त्याप्रमाणे कार्बन तंतूंची दांडी बनविणे, हे सर्व याच खटपटीचे प्रकार होत. मृत जागा यामुळे पूर्णपणे नाहीशी होते असे नाही. पुष्कळदा ती केवळ जेथे त्रास होणार नाही अशा ठिकाणी सरकते.

थोडक्यात, वर्षानुवर्षे एखाद्या विशिष्ट स्वरावर बोट अधिक जोराने दाबण्याची, किंवा तो स्वर टाळून दुसऱ्या तारेवर जाण्याची जी सवय वादकाला जडलेली असते, ती चांगले वाद्य हाती येताच निरर्थक ठरते. पहिल्या दिवशी वादक ज्याला आनंद म्हणतो तो पुष्कळसा या सुटकेचा असतो. हा आनंद बोटांना कळतो. समोरच्या श्रोत्याला त्याचा पत्ताही नसतो. मात्र महाग वाद्य प्रत्येक बाबतीत सुखाचे असते, असेही नाही. घट्ट लाकडाची, भरगच्च विद्युत मंडले असलेली बास पाच किलोच्या आसपास भरू शकते आणि तीन तासांच्या कार्यक्रमानंतर खांदा त्याची आठवण करून देतो.

लाकडाची गोष्ट येथे ओघाने येते, कारण तिचा भारताशी संबंध आहे. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अतिशय कडक बंधन आहे. पट्टीसाठी भारतीय शिसवी हा तिचा प्रमुख पर्याय ठरला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळाचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आला, तेव्हा फेंडरसह अनेक उत्पादक दुसऱ्या लाकडांकडे वळले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ अखेर सूट देण्यात आली. कॅलिफोर्नियातील कारखान्याचे वेळापत्रक दक्षिण भारतातील जंगलाशी अशा रीतीने बांधलेले आहे.

प्रदर्शन की उपयोग?

थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या दिखाऊ उपभोगाच्या सिद्धांताने या खरेदीचा उलगडा करण्याचा मोह होतो. वाद्याच्या दर्शनी भागावरील दुर्मीळ लाकडाची नक्षी पाहता तो अगदीच अस्थानी नाही. परंतु दिखाव्याला प्रेक्षक लागतो आणि बासचे मोल ओळखणारा प्रेक्षक फक्त दुसरा बासवादक असतो. व्हायोलिनच्या बाबतीत तर वादकही ठामपणे ओळखू शकले नाहीत. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ वादकांना, वाद्य दिसणार नाही अशा बेताने, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजविण्यास दिली होती. पसंतीचा कल नव्यांकडे होता. या निष्कर्षाचा अर्थ दर्जा हा भ्रम आहे असा लावणे घाईचे ठरेल. किंमत आणि कीर्ती यांना दर्जाचे माप मानू नये, एवढाच त्याचा अर्थ.

मिळण्याआधीचा आनंद मोठा की मिळाल्यानंतरचा, याविषयी मार्शा रिचिन्स यांचे २०१३ मधील संशोधन उद्बोधक आहे. वस्तूंना अधिक महत्त्व देणाऱ्या व्यक्तींमध्ये सुखद भावना खरेदीपूर्वी तीव्र असतात आणि खरेदीनंतर त्या ओसरतात, असे त्यांना आढळले. दुसऱ्या बाजूस, वस्तूंपेक्षा अनुभवांवरील खर्च अधिक समाधान देतो, असे व्हॅन बोव्हन आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. वाद्य या दोहोंच्या मधले आहे. डार्विन ग्वेव्हारा आणि रायन हॉवेल यांनी २०१५ मध्ये 'अनुभव देणाऱ्या वस्तू' असा तिसरा वर्ग विचारात घेतला, ज्यात वाद्येही येतात, आणि अशा वस्तूंपासून मिळणारे समाधान अनुभवांच्या तोडीचे असल्याचे त्यांना दिसून आले. स्वप्नातील बास कपाटात गेली तर तिला पहिला निष्कर्ष लागू पडतो, रोज हाती आली तर दुसरा. व्हिक्टर वूटन यांनी १९८३ मध्ये, फोडेराच्या आरंभकाळी, घेतलेली बास पुढील चार दशके वाजविली. तिच्या मूल्याचा प्रश्न केव्हाच मागे पडला.

मुंबईतील वादकांना ही प्रतीक्षा वेगळ्या रूपात परिचित होती. हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी डबल बास आणि पुढे बास गिटारही वाजविली. परंतु १९९१ पूर्वी आयातीवरील निर्बंध आणि परकीय चलनाची टंचाई यांमुळे पैसा असूनही परदेशी वाद्य मिळणे कठीण असे. जहाजावर नोकरी करणारा किंवा आखातातून परतणारा कोणी ते सामानातून आणील, या आशेवर पुष्कळदा राहावे लागे. तेव्हाच्या सामान्य फेंडरलाही येथे स्वप्नाचीच पायरी होती.

मालकी आणि गमावणे

रसेल बेल्क यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, माणसाच्या वस्तू या त्याच्या 'स्व'चा विस्तार असतात आणि त्या चोरीला गेल्या तर स्वतःचाच काही भाग गेल्यासारखे वाटते. बासच्या इतिहासात याचे दाखले जागोजाग आहेत. मोटाउनच्या असंख्य ध्वनिमुद्रणांचा पाया असलेले जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनच्या तारा तुटल्याखेरीज बदलत नसत. त्या जुन्या तारांचा मळकट आवाज हीच त्यांची ओळख होती. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ती बास चोरीस गेली. जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जॅझ बासचे पडदे काढून टाकून पट्टीवर नावेला लावतात तसले राळेचे लेपन दिले होते. १९८६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये नाहीशी झाली, १९८७ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी जॅको गेले आणि २०१० मध्ये रॉबर्ट ट्रुहियो यांच्या मदतीने ती त्यांच्या कुटुंबाकडे परत आली. लक्षणीय गोष्ट अशी की, ही दोन्ही वाद्ये घेतेवेळी महागड्या कारागिरीची नव्हती. कारखान्यातील साखळीतून बाहेर पडलेली होती.

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफ्नर तर स्वस्त म्हणूनच निवडली होती. डावखुऱ्या वादकाच्या हाती तिचा दोन्हीकडून सारखा आकार विचित्र दिसत नसे, हे दुसरे कारण. १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातून ती एका गाडीतून चोरीस गेली. तोपर्यंत जगातील कोणतीही बास विकत घेण्याची ऐपत त्यांना आलेली होती आणि दुसरी हॉफ्नरही त्यांच्याजवळ होती. तरीही शोध घेतला गेला. इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर अर्धशतक पडून राहिलेली ती बास सापडल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. दुरुस्तीनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ८२ वर्षांच्या मॅकार्टनी यांनी लंडनच्या रंगमंचावर ती पुन्हा वाजविली.